तारूकाकीचा डावा हात

माझ्या दुकानातली क्रीमची नळी तारूकाकी ज्या तऱ्हेने तपासायची, ती शिकायला औषधनिरीक्षकांनी तिच्याकडे यायला हरकत नव्हती. आधी खोका उजेडाकडे धरायचा. मग मुदतीची तारीख नखाने खरवडून बघायची, खाली दुसरी एखादी तारीख दडली आहे का म्हणून. मग नळी बाहेर काढून तिचं पोट दाबायचं, झाकणाशी नाक न्यायचं. पंचवीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन तिने मासे विकले होते. बांगड्याचा कल्ला उघडून बघायची सवय तिने औषधांनाही लावली होती. एवढं सगळं झालं की ती मला विचारायची, "विनायकराव, यात कोरफड किती आहे?"

"लिहिलंय की काकी त्याच्यावर."

"लिहिलेलं मी विचारत नाही. आहे किती, ते विचारते."

आणि नळी काचेवर ठेवून, काही न घेता, ती पायऱ्या उतरायची. मी वडिलांच्या जागी दुकानात बसायला लागल्यापासून हे असंच चाललं होतं.

"विनायकराव" हे दुकानातलं. पायरी उतरली की मी "रे विनू" व्हायचो आणि तिची मालवणी सुरू व्हायची. ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई वेगळी नि ती वेगळी. तलाठ्याची कचेरी, बँक आणि माझं मेडिकल हे तिच्या लेखी एकाच गोत्राचे. समोर टेबल, टेबलाच्या पलीकडे शर्ट घातलेला माणूस, आणि तो माणूस आपल्याला काहीतरी गुंडाळणार, ही खात्री. अशा ठिकाणी शुद्ध बोलायचं आणि सावध राहायचं. मला पाळण्यात बघितलेली बाई, पण माझ्या काउंटरसमोर ती पंधरा वर्षांत मालवणीचा एक शब्द बोलली नाही. याचा मला राग यायचा. मी काय तिला परका होतो?

तिचं कौलारू घर माझ्या दुकानाच्या बरोबर समोर, मध्ये फक्त बंदराकडे जाणारा रस्ता. अंगणात माशांच्या बर्फाचे थर्माकोलचे जुने खोके ओळीने मांडलेले आणि प्रत्येकात कोरफड. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर पाटी गेली आणि दोन-चार झाडांची कोरफड अशी अंगणभर झाली, असं लोक सांगायचे. खाऱ्या वाऱ्याने आणि बर्फाने आमच्याकडे हात फुटतात, उन्हाने खलाशांच्या माना सोलतात, आणि मे महिन्यात घामोळ्यांनी पोरं रडकुंडीला येतात. अशी सगळी माणसं माझ्या दुकानाकडे पाठ करून समोरच्या अंगणात शिरताना मी रोज बघायचो. आता माझं मन मोठं आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. मला ते खुपायचं.

बरं, तिच्याकडे गेलं की लगेच पान मिळायचं म्हणावं, तर तेही नाही. पहिल्या दिवशी मिळायची ती उलटतपासणी. काकी पायरीवर बसायची आणि आलेल्याला समोर उन्हात उभं करायची.

"कदीपासून खाजता?"

"चार दिवस झाले, काकी."

"चार दिवसामदी नवीन काय इला घरात? साबण? पावडर? गळ्यातली माळ?"

आमच्या पोस्टमनची मान अशी लाल झाली होती तेव्हा तिने त्याच्याकडून दाढीच्या नव्या साबणाची गोष्ट काढून घेतली आणि पान न देताच त्याला परत पाठवलं. "साबण टाक. आठ दिवसांनी खाजला तर ये." आठ दिवसांनी खाजलं नाही. पोस्टमन मात्र माझ्याकडे येऊन सांगून गेला की म्हातारीने पानासाठी हात आखडता घेतला.

ज्याला पान द्यायचं त्यालाही ते दुसऱ्या दिवशीच. सकाळी बुडातून कापलेलं पान ती पितळेच्या पेल्यात उभं करून ठेवायची. कापल्या जागेतून पिवळा चीक हळूहळू गळून तळाशी जमायचा. तो चीक म्हणजे तिचा वैरी. तो पूर्ण गळल्यावर पान धुवायचं, काटे काढायचे, साल सोलायची आणि आतला पारदर्शक गर पुन्हा दोन पाण्यांतून काढायचा. एवढं करून तो गर आलेल्या माणसाला लागायचा का? नाही. आधी तो काकीच्या डाव्या हाताच्या कोपराच्या आत. तिथे काही झालं नाही तर आलेल्याच्या कोपराच्या आत, बोटाएवढा. "आता घराक जा. उद्या ये." फुटून रक्त आलेल्या कातडीला ती हातच लावायची नाही. "हेका डाक्टर होयो, मी नाय," म्हणून सरळ वाटेला लावायची. पोरं तिला पाठीमागे "उद्याकाकी" म्हणायची. तिलाही ते ठाऊक होतं.

त्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटाकडे जाणारा एक पट्टा होता, बाकीच्या कातडीपेक्षा काळसर आणि खरखरीत. मी तो लहानपणापासून बघत होतो. चुलीचा चटका असेल, असं मी धरून चाललो होतो.

तिचा संशय कोरफडीपुरता नव्हता. एसटीच्या कंडक्टरवर होता, हवामानाच्या अंदाजावर होता, शेजारच्या कोंबडीवर तर कायमचा होता. माझ्या आईने दृष्ट लागू नये म्हणून दुकानाच्या दारावर एक कोरफड मुळांसकट उलटी टांगली होती. मातीशिवाय, पाण्याशिवाय ती वर्षानुवर्षं जिवंत होती. काकी रस्त्यातून जाताना तिच्याकडे बघून मला ऐकू जाईल असं म्हणायची, "रे विनू, तुज्या दुकानात खरी कोरफड तेवडीच एक, आणि ती पण तू टांगून ठेवलंस."

संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नव्हतो. ही बाई गरात आणखी काहीतरी घालते, मुठेल, म्हणजे घरी काढलेलं खोबरेल, किंवा कुठलं तरी मलम, असं माझं ठाम मत होतं. एकदा तिच्याकडून आलेल्या एका मावशीच्या वाटीतला चमचाभर गर मी चाखायच्या बहाण्याने काढून घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन माझ्या अंगठ्याच्या भेगेला लावला. गर थंड लागला, आग थांबली, आणि कातडी दोन-तीन दिवसांत मऊ झाली. ही गोष्ट मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगतो आहे.

एकदा पुण्याकडची एक बाई उन्हाने चेहरा लाल करून घेऊन काकीच्या अंगणात आली. तिला पान आत्ता हवं होतं, संध्याकाळी तिची गाडी होती. काकीने शुद्ध मराठीत सांगितलं, "उद्या या." बाई चिडली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मी तिला हिरव्या रंगाची एक नळी दिली. तिने ती तिथेच आरशात बघून चेहऱ्याला फासली. समोरून काकी ओरडली, "निदान आधी कोपराच्या आत लावून बघा हो!" बाईने लक्ष दिलं नाही. तासाभराने ती मला हसून दाखवून गेली, चेहरा छान निवला होता. मी विजयी वीरासारखा दुकानाच्या पायरीवर आलो.

"काय काकी? काय झाला तिका?"

"काय नाय झाला," काकी शांतपणे म्हणाली. "एकाक झाला नाय म्हणान दुसऱ्याक होवचा नाय, असा कोणी सांगला तुका?"

मला वाटलं, हरलेली बाई शेवटचा शब्द आपला ठेवते आहे.

काकीचा मुलगा गोव्याकडच्या एका बोटीवर खलाशी. पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा, आणि आला तरी त्याच्या येण्याने घराला फार आधार मिळायचा असं नाही. घर चालायचं ते सुनेच्या, सुप्रियाच्या हातांवर. ती बंदराजवळच्या शेडमध्ये सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायला जायची. सकाळपासून बर्फाच्या पाण्यात हात, आणि कोळंबीच्या डोक्यावरचा काटा टोचतो तो वेगळाच. एका वर्षी गणपती झाल्यावर शेडच्या मुकादमाने सगळ्या बायकांना हातमोजे घालायला सांगितले. मी लगेच रबरी मोज्यांचा मोठा खोका मागवला. आत पावडर असलेले, चटकन चढणारे. सगळ्यांनी माझ्याकडूनच नेले. सुप्रियाही घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी ती दुकानात आली तेव्हा हात पदराखाली होते. तिने ते काचेवर ठेवले आणि माझ्याच्याने बघवेना. बोटांची पेरं लाल, सुजलेली, बोटांच्या मधून पाणी सुटलेलं, आणि ती लाली मनगटापाशी रेघ मारल्यासारखी थांबलेली. ती रेघ मी बघितली. औषधाच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाने ती बघितली आणि तिचा अर्थ मला लागला नाही. कारण माझा संशय आधीच ठरलेला होता.

"काकी कोरफड लावते ना तुला?"

"होय. रोज संध्याकाळी."

"मग ती बंद कर. घरचं पान ते, त्यात काय असतं नि काय नसतं."

तिने मान हलवली, पण ती घाबरलेली होती ती दुसऱ्याच गोष्टीला. मुकादमाने सांगितलं होतं, फुटलेल्या हातांची बाई मालाला चालत नाही; तुळशीच्या लग्नापर्यंत हात बरे झाले नाहीत तर जागा दुसरीला जाईल. शेडमध्ये जागा मिळावी म्हणून बायका वाट बघत उभ्याच होत्या. सुप्रियाची ती जागा गेली असती तर समोरच्या घरातली चूल कशावर पेटायची, हा प्रश्नच होता.

दोन दिवसांनी मुकादम स्वतः डोकेदुखीची गोळी घ्यायला आला आणि त्याने मला विचारलं, काय झालंय तिला? मी म्हणालो, "सासूची कोरफड." मी तेवढंच म्हणालो. पण आमच्या गावात तेवढं पुरतं. आठवड्याच्या आत काकीचं अंगण ओस पडलं. "सुनेचेच हात जाळल्यान म्हातारीन," असं बायका माझ्याच दुकानात उभं राहून बोलायला लागल्या. मी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

आता भांडण होणार, काकी पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहणार, याची मी वाट बघत होतो. तसं काही झालं नाही. मी "कोरफड बंद कर" म्हटल्याचं सुप्रियाने घरी सांगितलं तेव्हा काकी म्हणे एवढंच म्हणाली, "बरोबर असा तेचा. माज्यार संशय असा तर आदी माका बंद करूया." त्या संध्याकाळपासून तिने सुनेच्या हाताला गर लावला नाही. सगळा गाव तिच्यावर संशय घेत होता, आणि त्यात सगळ्यांच्या आधी ती स्वतः होती.

आठ दिवस गेले. हात बरे झाले नाहीत, आणखी चिघळले. तालुक्याच्या दवाखान्यातून एक मलम आलं. त्याने रात्रीपुरता आराम पडायचा आणि शेडमधून आली की पुन्हा तेच. काकी मग एकेक गोष्ट घरातून काढत गेली. धुण्याची पावडर बंद. भांड्यांचा साबण बंद, राख सुरू. बांगड्या काढल्या. मासे चिरायला स्वतः बसली. मी रस्त्यापलीकडून सगळं बघत होतो आणि गालात हसत होतो.

मग एका सकाळी, दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं असताना, ती सुप्रियाला घेऊन पायऱ्या चढली. सुनेच्या हाताला कोपराच्या आत एक फडकं बांधलेलं होतं. काकीने ते सगळ्यांच्या देखत सोडलं. आत रबरी मोज्याचा कापलेला, ओला तुकडा होता, चार बोटं लांबी-रुंदीचा. तिने तो उचलला. खालच्या कातडीवर तेवढाच लाल, फुगलेला चौकोन उठला होता, चारही कोपरे स्पष्ट.

"विनायकराव," काकी म्हणाली, "कोरफडीचं पान चौकोनी नसतं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "चांगला माल आहे काकी. इतक्या बायका वापरतात. त्यांना कुणाला काही..."

तिने आपला डावा हात पुढे केला. त्यावरही फडक्याचा वळ होता. "मी आधी माझ्या हाताला बांधला होता. दोन दिवस. मला काही झालं नाही." मग सुनेच्या हाताकडे बोट केलं. "हिला झालं."

पुण्याच्या बाईच्या वेळचं तिचं वाक्य मला तेव्हा आठवलं. ती मनगटाची रेघ डोळ्यांसमोर आली. मोजा जिथे संपतो, तिथे लाली संपत होती. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

मला वाटलं, आता ती मला गावासमोर धुऊन काढणार. तिने विचारलं, "हे मोजे आणखी कुणाकुणाला दिलेत?"

मी सांगितलं, शेडमधल्या सगळ्यांना.

"मग चला."

दुकान आईवर सोडून मी तिच्या मागे निघालो. सुप्रिया पुढे, आम्ही दोघं मागे, कारण काकीच्या गुडघ्यांना बंदराचा उतार सोसत नव्हता. दुकानापासून दूर आल्यावर ती मालवणीत आली.

"रे विनू, तुका राग इलो माजो?"

"नाय गो काकी. राग तुका येवक होयो."

मग माझ्याकडे न बघता तिने नंदाची गोष्ट सांगितली. नंदा म्हणजे तिची मुलगी, आता बांद्याला दिलेली. नंदा दोन वर्षांची असताना तिच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं होतं. काकी नुकती बाजारातून आलेली, दमलेली. शेजारणीच्या कुंपणातलं कोरफडीचं पान तिने तोडलं, मधोमध चिरलं आणि तसंच, पिवळ्या चिकासकट, पोरीच्या पाठीवर घासलं.

"माका वाटला, मी तिची आवस. माज्या हातान काय वायट होवचा?" काकी म्हणाली. "रातभर चेडू वरडला. सकाळी पाठ बगवत नाय होती. मानेर डाग अजून असा. नंदा केस सोडून झाकता तो."

तिने डाव्या हाताचा तो काळसर पट्टा माझ्यापुढे धरला. "तेवापासून आदी हयसर. दर पानाक. कोणार इस्वास ठेवणंय नाय मी, बाबा. माज्यार तर नायच नाय."

तो चटका नव्हता. चाळीस वर्षांच्या पानांनी, चुकार चिकाने आणि पुन्हा पुन्हा धुण्याने ती कातडी तशी झाली होती. गावातल्या प्रत्येक पोराच्या घामोळ्याआधी त्या हाताने ते पान सोसलं होतं, माझ्यासुद्धा. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी समुद्राकडे बघत चालत राहिलो.

शेडमध्ये मुकादमासमोर बोलायची वेळ आली तेव्हा काकीने मला कोपराने पुढे ढकललं. मी सांगितलं की मोजे माझ्या दुकानातले आहेत, दोष मोज्यांचा आहे, कोरफडीचा नाही, आणि मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ओळीत बसलेल्या बायकांचे हात थांबले. काकी त्या ओळीतून हळूहळू फिरली आणि प्रत्येकीला मोजे उतरवायला लावले. शेवटच्या रांगेत एक नवीन लग्न झालेली मुलगी होती. ती उतरवीना. काकी तिच्याजवळ खाली बसली, तिने आपल्या हाताने मोजा सोडवला, आणि तिच्याही मनगटावर तीच रेघ निघाली. जागा जाईल म्हणून ती पोर पंधरा दिवस ते लपवत होती. मुकादमाने काकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोघींना हात बरे होईपर्यंत डब्यांवर चिठ्ठ्या लावायचं कोरडं काम दिलं. त्याच्याकडून एवढी अपेक्षा मी केली नव्हती.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, रबराचंच आहे म्हणून. त्यांच्या औषधाने भेगा भरल्या आणि नुसता कोरडेपणा, ताठरपणा उरला, तेव्हा काकीने पुन्हा पेला काढला. आधी तिचा कोपर, मग सुप्रियाचा, मग "उद्या". तुळशीच्या लग्नाला सुप्रिया मऊ हातांनी चुरमुरे वाटत होती. मी रबर नसलेले निळे मोजे मागवले. ते आले त्या दिवशी काकीने त्यातला एक तुकडा सुप्रियाच्या हाताला बांधला, एक त्या नव्या पोरीच्या, आणि एक माझ्या. माझ्या हाताला कशाला, हे मी विचारलं नाही.

यानंतर ती बदलली असेल असं कुणाला वाटेल. छे. माझी नळी ती पूर्वीसारखीच खरवडायची, दाबायची, हुंगायची, आणि "विनायकराव, यात कोरफड किती?" हा प्रश्नही तोच. अंगण पुन्हा भरलं. ज्या बायका बोलल्या होत्या त्याच आधी आल्या. काकीने त्यांना शब्दाने दुखवलं नाही, पण "उद्या ये" मात्र त्यांना दोनदा ऐकावं लागलं.

गेल्या हिवाळ्यात ती फार उतरली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, अंगभर कोरडी खाज. कोरफडीने घटकाभर थंड वाटायचं, पण तेवढंच. "पानातला पानी सरला की माज्यातला, कोण जाणा," ती सुप्रियाला म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी एक क्रीम लिहून दिलं. सुप्रिया ते घेऊन गेली आणि दहा मिनिटांत परत घेऊन आली. "म्हणते मी स्वतः बघून घेणार."

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत, सुनेचा हात धरून आली. पायऱ्या चढायला तिला बराच वेळ लागला. मी तिला आत स्टुलावर बसवलं. तिने नळी उजेडाकडे धरली, तारीख खरवडली, पोट दाबलं, झाकण हुंगलं. बोटांत जोर नव्हता. "विनायकराव," ती म्हणाली, "ही कशी आहे?"

मी नळी तिच्या हातातून घेतली. डावी बाही वर केली, नळी उघडली आणि कोपराच्या आत बोटाएवढं क्रीम लावलं. ती बघत राहिली.

"उद्या या, काकी," मी म्हणालो.

ती जोरात हसली, खोकला येईपर्यंत हसली, आणि काठी टेकत निघून गेली.

त्यानंतर त्याच महिन्यात नंदा तिला बांद्याला घेऊन गेली. शिमग्याच्या आधी तिकडेच ती गेली. मी अंत्ययात्रेला गेलो होतो, पण तिथलं मला काही आठवत नाही. मला आठवते ती मी तिला "उद्या या" म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी शटर अर्धं वर केलं आणि खालून तिची काठी दिसली. माझ्याआधी येऊन ती पायरीवर बसली होती, सुप्रिया मागे उभी. ती आत आली, स्टुलावर बसली, आणि म्हणाली, "हात दाखय."

दुकानात. काचेच्या टेबलासमोर. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"दाखय रे. काय बगतंस?"

मी बाही वर केली. तिने माझा हात दोन्ही हातांत धरून उजेडाकडे ओढला. बराच वेळ बघितलं. अंगठ्याने दाबलं. हुंगलंसुद्धा.

"रातचो खाजवलंस?"

"नाय गो काकी."

"जळजळ?"

"नाय."

मग तिने माझी दुसरीही बाही वर करून तो हात तपासला, मी हात बदलला तर नाही ना, याची खात्री करून घ्यायला. "बरो असा मां हात? तुका काय झाला नाय मां?" ती पुन्हा म्हणाली. या वेळी आवाजात तपासणी नव्हती, काळजी होती.

"काय नाय झाला."

तिने बांगड्या मागे सारल्या आणि आपला डावा हात, तो काळसर पट्ट्याचा, काचेवर उताणा ठेवला. मी बोटावर क्रीम घेतलं आणि तिच्या कोपराच्या आत टेकवणार, तोच ती म्हणाली, "थंयच कित्याक? सगळ्या हाताक लाय."

"काकी," मी म्हणालो, "माका झाला नाय म्हणान तुका होवचा नाय, असा कोणी सांगला?"

"तू लाय, मी म्हणतंय मां."

मी लावलं. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत, सावकाश, आणि मनगटापाशी आलो तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते.